चिमट्याचा पतंग

१८ सप्टेंबर
लेक अनघा बंगळूरला परत गेली. चवथीला आली ती मोजून तीन दिवस. ओसरीवर तिचं रात्रीचे पतंग ऐकायचं यंत्र आहे. दिवेलागणीला लावायचं, टिपलेले आवाज मोबाइलवरून पाठवायचे. कडवट पतंग टिकटिक करून वटवाघळाला बजावतात, मला खाऊ नको. काही चवीला गोड असलेले लबाड पतंगही तशीच टिकटिक करून जीव वाचवतात. आपल्या कानांना पत्ता नसतो, यंत्र ऐकवतं. पोरीचं पुढचं शिक्षण या टिकटिकीवर.

२२ सप्टें.
फोन नाही. आवाज पाठवले की नुसता अंगठा येतो. ‘आईच्या छातीत दुखतं’ सांगून मागे एकदा बोलावली होती. आता ते चालणार नाही, आधी शेजारी फोन करून खात्री करून घेते. घर खायला उठतं.

२५ सप्टें.
पेटीतून जुना चिमटा काढला, तिकिटं टोचायचा. तीस वर्षं कंडक्टर म्हणून पेडणे–वास्को बसमध्ये वाजवला. यंत्रापुढे सातआठदा वाजवून पाठवला. लिहिलं, नवा पतंग दिसतो.
तासाभरात फोन! “बाबा, परत पाठय.”

२९ सप्टें.
चार दिवस रोज फोन. परत पाठय, परत पाठय. जेवलात का, हेही विचारते. मी खूश. वाजवून वाजवून अंगठा दुखतोय.

३० सप्टें.
हिनं मला चिमट्यासकट पकडलं. “चेडवाच्या अभ्यासांत फटी घालतात? लज दिसना तुमका?” लेकीच्या अभ्यासात खोटं घुसवलं, खरंच लाज वाटली. उद्या ती हे कुठे छापून बसली तर? रात्रभर डोळा नाही.

१ ऑक्टो.
सांगून टाकलं. पतंग नाही, मीच.
“बाबा, हो तुजो चिमटो. पयल्याच दिसा वळखिल्लो हांवें.”
लहानपणी माझ्याबरोबर बसमध्ये पुढच्या सीटवर बसायची, विसरलोच होतो.
मग रोज परत का मागायचीस?
“आयकूंक बरो दिसतालो.”
ऐकायला बरं वाटायचं तिला. म्हटलं, कोणी आजारी नाही, तरी ये. फार आठवण येते.
“बघतां, बाबा.”
हे ‘बघतां’ मला पाठ आहे. पण आज जरा...

२ ऑक्टो.
चिमटा पेटीत ठेवला नाही, ओसरीवरच आहे.
ही पाववाल्या पदेराला सांगून आली, शनिवारी दोन उंडे जास्त टाक. शनिवारी कोण येतंय, विचारलं तर अनघाची उशी उन्हात टाकायला गेली.