अडगळीच्या खोलीची खिडकी

तीर्थस्वरूप ताईस,

कंबर वाकू देते तेवढा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुम्हा दोघांची भांडणं नेहमीसारखी चालू असतील असं धरून चालतो.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, समन्सच ते! नव्या घरात अडगळीच्या खोलीला एवढी मोठी खिडकी कशाला, ती गाळ आणि सोमवारपर्यंत नकाशा पाठव, गवंडी खोळंबलाय. गाद्यांना हवा लागते, असं उत्तर मी आधी लिहिलं होतं. ते आमच्या नकाशेवाल्या बाईंनी वाचलं (ऑफिसात आम्ही तिघं: मी, बाई आणि प्रिंटर, पैकी प्रिंटर बहुतेक रजेवर) आणि म्हणाल्या, "सर, हवेचं ठीक आहे. पण बेसिनमध्ये तोंड काय गाद्या धुणार?" आपण तिथे बेसिनही काढून बसलोय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तर खरं कारण सांगतो. जरा लांबून येतो, सवयच आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त हेडमास्तर घर बांधायला आले. सगळं ऐसपैस हवं, फक्त पाहुण्यांची खोली अशी काढा म्हणाले, की पाहुणा तिसऱ्या दिवशी आपण होऊन बॅग भरेल. मला गंमत वाटली. मी जीव ओतला. एक भिंत जिन्याला, दुसरी पाण्याच्या पंपाला लागून, उजेडाला वर वीतभर झरोका. (इतकी यशस्वी खोली मी पुन्हा काढली नाही.) हेडमास्तर खूश; चार जणांकडे माझी शिफारस केली. पुढे मुलाचं लग्न झालं, नातवंडं आली, खोल्या पुरेनात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, अगदी हळू आवाजात. "त्या खोलीला एखादी खिडकी फोडता येईल का हो? हल्ली तिथे मीच असतो." मी जाऊन पाहिलं. खिडकीला जागाच नव्हती. मीच ठेवली नव्हती. तक्रार राहिली बाजूला, त्यांनी उलट मला चहा पाजला. मला फार लाज वाटली, ताई.

परत आलो, तुझा नकाशा पुढे ओढला आणि त्या खोलीला खिडकी काढली. ती राहू दे, एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा

ता.क. एवढंच नाही. वर्षअखेरीला ऑफिस बंद करतोय. बाईंना दुसरीकडे चांगलं काम मिळालंय आणि माझेही डोळे आता रेघ वाकडी दाखवतात. उभा जन्म लोकांची घरं काढण्यात गेला, स्वतःचं राहूनच गेलं. त्या खोलीत मी राहायला आलो तर चालेल का? बेसिन आलं ते त्यातूनच.

ता.क. २. भाऊजींना हे इतक्यात सांगू नकोस. परवा त्यांचा गुपचूप फोन आला होता. भांडण झालं की बसायला तीच खोली त्यांना हवी आहे. तेव्हा मला नाही म्हणालीस तरी खिडकी ठेव. शेवटी तिथे आपल्यापैकी कोण राहील, काय सांगावं.