डाव्या डोळ्याची दुनळी

कॅसल हिल, सिडनी
रविवार, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णामामांना अजितचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींनाही. मामींच्या गुडघ्यांसाठी पाठवलेलं तेल पोचलं असेल. (ते वेंटवर्थव्हिलच्या किराणा दुकानातून घेतलं. घरी आल्यावर बाटली नीट वाचली तेव्हा कळलं की ते केरळातून इथे आलं आहे. म्हणजे या वर्षी माझ्यापेक्षा त्याचाच प्रवास जास्त झाला.) तुमचा मोतीबिंदू काढलेला डोळा आता निवळला असेल आणि तुम्ही पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर पुन्हा लाल खुणा करू लागला असाल. इकडे चित्रा खुशाल आहे, तिची नोकरी खुशाल आहे, मेट्रो वेळेवर येते आणि मागच्या अंगणातलं लिंबू यंदा चांगलं धरलं आहे. घरातल्या उरलेल्या दोघांबद्दल, बाप आणि लेकीबद्दल, हे पत्र.

फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो मामा" म्हणतो. हे मी सहा वर्षांचा असल्यापासून चाललं आहे, फोन नंतर आला. म्हणून लिहितो.

आधी वाईट बातमी. डिसेंबरात तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही तिघं येणार असं कळवलं होतं. तिकिटंही काढून झाली. आता सावनी येणार नाही म्हणते. तिला परीक्षा नाही, तब्येत ठणठणीत आहे. तिचा राग माझ्यावर आहे आणि थोडा तुमच्यावर. याला कारण, मी एक बंदूक घेतली. घाबरू नका, कोणाला लागलेलं नाही. (तोच तर सगळा प्रकार आहे, पुढे येईल.)

गेल्या वर्षापासून सावनी घरात बोलेनाशी झाली होती. भांडण नव्हतं. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत "फाइन" म्हणायची. शाळा कशी आहे? फाइन. भाजी कशी झाली? फाइन. एकदा मी विचारलं, तुझ्या खोलीतली वीज गेली का? तरी फाइन. सतरा वर्षांच्या मुली इथे अशाच असतात असं सगळे सांगतात आणि सांगणाऱ्यांच्या मुली शेजारी बसून हसत असतात. मग ती क्रिस्टीनाबरोबर शनिवारी क्ले शूटिंगच्या क्लबात जाऊ लागली. क्रिस्टीना म्हणजे माझ्या ऑफिसातल्या फॅबियनची मुलगी. फॅबियन वसईचा, मराठी आपल्यासारखीच बोलतो, फक्त जास्त मोठ्याने. या खेळात मातीच्या नारिंगी बशा यंत्राने आकाशात फेकतात आणि माणसं त्या बंदुकीने फोडतात. (मामी ऐकत असतील तर सांगा, चहाच्या बशा नव्हेत.) एका शनिवारी फॅबियनला जमेना म्हणून तिला मी सोडायला गेलो. चाळीस मिनिटांचा रस्ता. मामा, ती त्या चाळीस मिनिटांत अखंड बोलली. वारा कुठून आला की बशी कशी डुलते, किती पुढे नेम धरायचा, हे सगळं हातवारे करून. मला त्यातलं काही कळलं नाही. पण परत येताना मी मुद्दाम चुकीच्या रस्त्याने गाडी घातली.

तेव्हाच ठरवलं की मीही शिकायचं. इथे परवान्याच्या अर्जावर बंदूक हवी असण्याचं खरं कारण विचारतात. खेळ, शिकार, शेती असे पर्याय असतात. 'मुलगी बोलते' असा पर्याय नव्हता, म्हणून खेळ आणि शिकार या दोन्हींवर खूण केली. शिकार फॅबियनच्या सांगण्यावरून. त्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे सशांनी उच्छाद मांडला आहे. "अरे, तू मारू नको रे, नुसता उभा राहा, पण कागदावर असू दे," तो म्हणाला. आयुष्यात मुंगीही ओलांडून जाणाऱ्या माणसाने शिकारीवर खूण केली ती अशी.

क्लबात मला त्यांची बंदूक दिली. पंचवीस बशा, त्यांतली एकही फुटली नाही. त्यातल्या पहिल्या तीन तर मी बंदूक खांद्याला लावायच्या आधीच निघून गेल्या. झालं असं की तिथलं यंत्र आवाजावर चालतं. नेमबाजाने "पुल" म्हटलं की बशी सुटते. आणि मला कुठल्याही कामाआधी देवाचं नाव घ्यायची सवय, तुम्हीच लावलेली. मी आपलं हळूच "नारायण" म्हटलं की बशी सुटे. दचकून पुन्हा "नारायण", की दुसरी. मागे फॅबियन ओरडला, "अरे बाबा, मंत्र मनातल्या मनात! मशीनला मराठी कळत नाय, आवाज कळतो." सावनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. परत येताना म्हणाली, "बाबा, यू आर टेरिबल. पुढच्या शनिवारी पण येशील ना?" माझ्यासाठी तो दिवस दसऱ्याचा होता.

म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही दोघं स्वतःची बंदूक बघायला गेलो. दुकानदार डग, सत्तरीचा, शांत माणूस. त्याने बरंच समजावलं. बारा बोअर आणि वीस बोअर, त्यातली बाराची नळी मोठी. (का, ते विचारू नका. मी तीनदा विचारलं.) दोन नळ्या शेजारी शेजारी की एकीवर एक? नव्या माणसाला एकीवर एक बरी, बशांनाही चालते आणि सशांनाही. फार हलकी घेऊ नये, हलकी बंदूक खांद्याला जास्त दणका देते. हे ऐकून मला बरं वाटलं, वजनदार गोष्टींशी माझं जमतं. मग तो म्हणाला, थांब, आधी डोळा बघू. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटं भोक ठेवायचं, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो धनी डोळा. मी उजवा उघडा ठेवला, तर घड्याळ गेलं. डावा ठेवला, तर आलं.

"लेफ्ट-आइड, मेट," डग म्हणाला. "डावखुरा आहेस का?" सावनीने गंमत म्हणून करून पाहिलं. तिचंही तेच निघालं. डग म्हणाला, रक्तातच दिसतंय, मग तुम्ही दोघं उजव्या खांद्यावरून का नेम धरता?

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माणूस आपुलकीने विचारत होता आणि ही गोष्ट मी विनोदी म्हणून आजवर ऑफिसात दोनदा सांगितली होती, दोन्ही वेळा चालली होती. मी सांगितलं की मी जन्माने डावखुरा. शाळेसाठी मामांकडे राहिलो आणि मामाच शाळेत गुरुजी. त्यांनी एक अख्खा श्रावण माझा डावा हात दप्तराच्या पट्ट्याने पाठीमागे बांधून मला उजव्या हाताने बाराखडी शिकवली. डग हसला. मग मी रंगात आलो आणि पुढचंही सांगितलं. सावनी चार वर्षांची असताना डाव्या हातात खडू धरायची. मी तुम्हाला फोन केला होता, आठवत असेल. तुम्ही म्हणालात, बांधू नकोस, परदेशात पोलीस येतात, मोजा घाल. मी तिच्या डाव्या हातात माझा पायमोजा चढवला, त्यावर दोन मिटलेले डोळे काढले आणि सांगितलं, हा हात झोपलाय, उठवू नकोस. पाच महिने. ती आपली हळू आवाजात बोलायची, तो उठू नये म्हणून.

डग हसला नाही. तो एक नळी पुसत होता, ती पुसायचा थांबला. सावनी म्हणाली, "वेट. दॅट वॉज रिअल? मला वाटायचं, मला स्वप्न पडलेलं."

डगने काउंटरवर दोन बंदुका ठेवल्या. एकीचा दस्ता उजव्या माणसासाठी किंचित वळवलेला, दुसरीचा डाव्यासाठी. म्हणाला, या वयात खांदा बदलायला एखादं वर्ष लागेल, पण जमेल. निवड तुझी. मी दोन्हींकडे पाहत होतो, मामा, आणि सावनी माझ्याकडे. मग एकोणपन्नास वर्षांच्या माणसाने त्या दुकानात उभं राहून मनातल्या मनात तुम्हाला विचारलं. शुभ कामाला उजवा हात, हे उत्तर ठरलेलंच होतं. मी उजवी उचलली.

"इव्हन नाऊ, बाबा?" एवढंच ती म्हणाली. परतीच्या वाटेवर मी मुद्दाम रस्ता चुकलो नाही, कारण काही उपयोग नव्हता.

बंदूक महिन्याभराने हातात आली, इथे पहिल्या बंदुकीला तेवढं थांबवतात. गॅरेजमध्ये भिंतीला जखडलेली लोखंडी पेटी, काडतुसं वेगळ्या कुलपात, सगळं रीतसर. (चित्राने देवघराच्या भिंतीपलीकडची जागा नाकारली. म्हणाली, देवाच्या पाठीला बंदूक नको.) खंडेनवमीला मी तिला हळदकुंकू वाहिलं, फूल घातलं, दूधपाणी शिंपडलं. पुढच्या आठवड्यात नळीवर तांबडे डाग दिसले. डगने ते बघून विचारलं, हा गंज आहे की तुमचा धर्म? थोडं थोडं दोन्ही, मी म्हटलं.

मग फॅबियनबरोबर सशांच्या शेतावर गेलो. चार ससे, सहा काडतुसं, आणि ससे अजून चारच आहेत. पाचवा मात्र कुंपणापाशी येऊन निवांत बसला. मला माझीच कीव आली आणि कशाने कोण जाणे, मी बंदूक डाव्या खांद्याला लावली. दस्ता गालाला टोचत होता. पण मामा, नळीच्या टोकावर तो ससा असा स्वच्छ बसला होता की त्याचा कान हललेला दिसला. इतकी वर्षं मी सगळ्या गोष्टी जरा बाजूला बघत आलो, हे तिथे कळलं. सुईत दोरा, क्रिकेटचा चेंडू, कॅमेरा. मी चाप ओढला नाही. काडतुसं काढून घेतली आणि उभा राहिलो. फॅबियन म्हणाला, "ससा तुला नमस्कार करून गेला बघ." मी हसलो, पण माझ्या डोळ्यांसमोर तो मिटलेल्या डोळ्यांचा मोजा होता.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा अर्ज केला, उजवी परत दिली, डावी घेतली. आता पंचविसातल्या दोन बशा फुटतात. हे मी सावनीला सांगितलं. ती म्हणाली, "फाइन." तिनेही खांदा बदलला आहे, तिच्या सतरा फुटतात. आणि ती डाव्या हाताने लिहायला बसते. अक्षर चार वर्षांच्या मुलीचं येतं, तिथूनच ते सुटलं होतं ना. रोज एक पान काढते, मला दाखवत नाही.

मी विचारलं, डिसेंबरला का नको? तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "तिकडे सगळे माझ्या हाताकडे बघणार. प्रसाद घेताना, जेवताना. मामाआजोबा काहीतरी बोलणार. अँड यू विल सिट देअर अँड से, हो मामा."

मामा, माझं वाईट व्हावं म्हणून तुम्ही हात बांधला नाही, हे मी जाणतो. वर्गात तुमच्या सलिलला सोडून माझंच अक्षर तुम्ही फळ्यावर लावायचात. त्याच अक्षराने हे लिहितो आहे आणि लिहिताना वाईट वाटतं आहे. पण तुमच्या भोवती एक्क्याऐंशी दिवे लागतील आणि त्यात ती नसेल, हे मला सहन होणार नाही. तुम्ही एकदा तिच्याशी फोनवर बोलावं. काय बोलावं ते मी भाच्याने सांगू नये.

मामींना, सलिलला आणि घरच्या सगळ्यांना सांभाळून असा. देव तुम्हाला अजून पुष्कळ पौर्णिमा देवो.

तुमचा,
अजित

ता. क. औक्षणाच्या वेळी ती आली आणि तिने डाव्या हाताने तबक धरलं, तर बायका कुजबुजतील. तेव्हा कृपा करून तुम्ही फक्त कुंकवासाठी कपाळ पुढे करावं. मी या वेळी "हो मामा" म्हणणार नाही, हेही आधीच सांगून ठेवतो, नंतर धीर होईल न होईल.

आणखी ता. क. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र सावनीला वाचून दाखवलं, तिला एवढं मराठी वाचता येत नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं. नारायणापाशी हसली. मग म्हणाली, "गुड लेटर, बाबा. पण हे मामाआजोबांना आहे. माझं कुठंय? मोजा तर तू घातलास." आणि आपल्या खोलीत गेली. तिचं बरोबर आहे, मी चुकीच्या पत्त्यावर सहा पानं लिहिली. तेव्हा वरचं फोनचं वगैरे राहू दे, खरी अडचण वेगळीच आहे. तिला लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. तुम्ही आमच्याकडून सगळे मायने पाठ करून घेतले होते. मोठ्यांना तीर्थरूप आणि नमस्कार, लहानांना चिरंजीव आणि आशीर्वाद, परक्यांना सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पण मोठ्याला धाकट्याची माफी मागायची असेल तर वर काय लिहायचं, ते शिकवल्याचं आठवत नाही. आशीर्वाद लिहिला की पुढे माफी येत नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर उलट टपाली कळवा. ठाऊक नसेल तर तसंही कळवा, म्हणजे मी मायन्याशिवायच सुरुवात करतो.