दोन छर्‍यांचा हिरवा

ती. ताईस,

धाकट्याचा दंडवत. तुझे गुडघे आता बरे असतील. कॅल्शियमच्या गोळ्या रोज न चुकता घेतेस असं परवा फोनवर म्हणालीस, ऐकून बरं वाटलं. (त्यावर पुढे बोलू.) दाजींना नमस्कार सांगू नकोस, पत्र आलं हेही सांगू नकोस. फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो दाजी उचलतात आणि स्पीकरवर टाकतात.

आधी हिशेब. हिरव्या रंगाची एक बाटली मला केवढ्याला पडली? चार डब्यांतला रंग, नऊ सकाळी, दह्याचा एक डबा, स्वयंपाकघरातला एक खण, सहा नॅपकिन आणि हिचा चार दिवसांचा अबोला. बाटली तेवढी फुकट.

रविवारी दाजींना सत्तर पूर्ण होतात. रेल्वेच्या ज्या इंजिनावर त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्याची हातभर लांबीची प्रतिकृती मी करतो आहे हे तुला ठाऊक आहे (त्यांना नाही). दाजींची नजरही तुला ठाऊक आहे. मागे मी केलेली बोट त्यांनी दोन्ही हातांत धरून चारी बाजूंनी निरखली आणि 'वा! बुडाली कधी?' एवढंच विचारलं. तेव्हा या खेपेला हिरवा म्हणजे त्यांचाच हिरवा हवा: कोबीच्या अगदी बाहेरच्या पानासारखा, वर धुराचा हात फिरलेला. असा रंग दुकानात मिळत नाही. तो थेंबाथेंबाने कालवावा लागतो, आणि एकदा संपला की पुन्हा तस्सा जमत नाही.

रंगासाठी बाटल्या मात्र मी विकत घेत नाही. हार्डवेअरच्या दुकानात पोती उचलायला शिरलो आणि मालक होऊन बाहेर आलो, तो मी काय रिकाम्या बाटल्यांना पैसे मोजणार? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत काळा, क्रीमच्या डबीत पांढरा, मधाच्या बाटलीत तांबडा. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाला दहा खळगे असतात. रंग कालवायला त्याहून चांगली थाळी माझ्या पाहण्यात नाही. जुनी लेबलं मी काढत नाही. ही म्हणते, "अहो, वर नाव तरी लिहा. एखाद्या दिवशी कुणीतरी चमच्याने रंग पिईल." नावाची गरजच नाही! प्रत्येक बाटलीत मी बेअरिंगचे छर्रे टाकलेत. हलवलं की रंग ढवळतो आणि ओळखही पटते: काळ्यात एक, हिरव्यात दोन, तांबड्यात तीन. बाटली कानाशी धरायची की झालं. दुकानात मी नटांचं खोकं नुसतं हलवून सांगत असे की माल कमी भरलाय. भले भले व्यापारी टरकून असत. हे कान आजवर फसलेले नाहीत.

दह्याच्या डब्याचं झालं ते असं. हिरवा पहिल्यांदा मी त्यात कालवला, थिनर ओतलं, डबा खणात ठेवला आणि जेवायला बसलो. ताक पिऊन उठेपर्यंत थिनरने डब्याचा तळ खाल्ला होता. (थिनर पातळ प्लास्टिकात नेऊ नका, असं चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना बजावलं. मी माझं गिऱ्हाईक कधी नव्हतो, त्यामुळे मला कुणी सांगितलं नाही.) पुन्हा सगळा कालवला, आणि तू इथे राहायला आलीस तेव्हा तुझी कॅल्शियमची जी बाटली संपली, तिच्यात भरला. ती जाड असते, थिनरला दाद देत नाही.

त्यातून इंजिनाची केबिन रंगवून झाली. काय दिसते म्हणून सांगू! राहिलं फक्त नाक. आज सकाळी फळीवरून तुझी बाटली उचलली, कानाशी धरली, तर आत नुसता खुळखुळाट. झाकण काढलं, आतलं सील फोडलं. पांढऱ्या गोळ्या, साठच्या साठ. म्हणजे ही तुझी नवी बाटली, आणि हिरवा कुठे गेला ते उघड आहे. तू निघालीस तेव्हा पिशवी हिने भरली होती, आणि ही किती घाई करते ते तू जाणतेस. मी मोठ्या मनाने गप्प राहिलो.

बाकी सर्व क्षेम. इंजिन रविवारी येणारच, निश्चिंत राहा.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या औषधांच्या डब्यात ती दुसरी बाटली असेल. उघडू नकोस, आडवी ठेवू नकोस, दाजींच्या हाती लागू देऊ नकोस. तुझी लेक शुक्रवारी कामासाठी इकडे येते आहे, तिच्या हाती पाठव. नाहीतर रविवारी दाजींना बिननाकाचं इंजिन मिळेल, आणि ते काय विचारतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

पुन्हा ता. क. तुझ्या गोळ्या उलट टपाली धाडतो. रोज न चुकता कुठल्या घेत होतीस, ते मी विचारणार नाही आणि दाजींना सांगणार नाही. त्या बदल्यात पुढचं तू हिच्याकडे काढू नकोस.

शेवटचं. पिशवी भरताना हिने विचारलं होतं, "अहो, हा तुमचा हिरवा तर नाही ना?" मी बाटली कानाशी धरून हलवली आणि म्हणालो, "छे, ताईच्या दोन गोळ्या उरल्यात. टाक पिशवीत."