ढगातली काजळी

३ नोव्हेंबर

वेधशाळेतली जुनी खोकी उघडली. बाबांच्या नोकरीतली एकोणतीस वर्षं त्यात आहेत. रोज सकाळी सातला हवा ओढणाऱ्या पंपावरून काढलेला फिल्टरचा गोल कागद, एकेका पाकिटात, वर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख. एका दिवसाचा खाडा नाही! तापात नाही, वादळात नाही.

मुख्य कार्यालयातल्या बाईंना हे सगळं महिन्याभरात तपासून हवंय. त्यांचा मोठा अहवाल निघतोय — आपल्या डोंगरमाथ्यावरचे ढग बदलले, आणि लोक समजतात त्याच्या बऱ्याच आधी बदलले. पुरावा बाबांचा. घरी येऊन सांगितलं, तर एक्याऐंशीव्या वर्षी खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, त्यात तपासायचं काय आहे.

५ नोव्हेंबर

धूळ. शिंका. दुसरं काही नाही.

८ नोव्हेंबर

बाई फोनवर मला ढग कसा होतो ते समजावत होत्या. वेधशाळेत बावीस वर्षं झाली मला! ऐकून घेतलं. मी सहा वर्षांची असताना बाबांनी ओट्यावर पेले मांडून हेच शिकवलं होतं. नुसत्या वाफेचा थेंब होत नाही, तिला बसायला काहीतरी लागतं — मिठाचा कण, धुळीचा, धुराचा. दूध तेवढंच ठेवून पेले वाढवले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी. तसंच हवेत धूर वाढला की थेंब वाढतात पण बारीक राहतात. ढग पांढराशुभ्र दिसतो आणि बरसत नाही, कारण थेंब जड झाल्याशिवाय खाली येत नाही.

समजावण्यात बाबांचा हात कुणी धरणार नाही. माणसाजवळ नुसतं बसणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. असो.

११ नोव्हेंबर

तेहेतीस वर्षांपूर्वीचे दोन हिवाळे. कागद काळे. नुसते मळके नाहीत, काजळी धरल्यासारखे. त्याच दिवसांत ढगात धरलेल्या काचपट्ट्याही पाहिल्या — थेंबांचे ठसे नेहमीपेक्षा कितीतरी बारीक. बाईंचा सगळा डोलारा या दोन हिवाळ्यांवर उभा आहे.

पण रोज काळे नाहीत. वारा पडलेल्या सकाळीच काळे. दूरचा धूर वाऱ्यावर बसून येतो; वारा नसताना तो आला कसा? कुठेतरी पाणी मुरतंय. चार कागदांचे तुकडे कापून प्रयोगशाळेत केमिस्टकडे पाठवले.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, काही निघालं का त्यात. नाही म्हटलं.

१९ नोव्हेंबर

केमिस्टचा फोन. गडी मिस्कील आहे. म्हणे, तुमच्याकडे कुणी शेकत गप्पा मारत बसायचं का? दगडी कोळशाचा धूर निघालाय. कण मोठे आहेत, एवढे जड कण लांबचा प्रवास करत नाहीत, वाटेतच गळतात. शे-दीडशे पावलांवरून आलेत, याच्यापेक्षा लांबून नाही.

शे-दीडशे पावलांवर फक्त क्वार्टर. आणि तिथे तेव्हा आम्हीच राहायचो. म्हणजे आई आणि बाबा — मी खाली गावात, शाळेच्या वसतिगृहात.

माथ्यावर विस्तवाला बंदी, धुरानं कागद बिघडतात म्हणून. तेव्हाही होती, आजही आहे. स्वयंपाक विजेवर, गाड्या मैलभर खाली. बाबा तर वर येणाऱ्याच्या खिशातली काडेपेटीसुद्धा काढून घ्यायचे. साहेब असला तरी!

२० नोव्हेंबर

आज लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे.

तेहेतीस वर्षं मी मनात धरलंय की बाबांनी ढगांपायी आईला गारठवून मारलं. शेवटचे दोन हिवाळे ती अंथरुणाला खिळलेली. रक्त कमी, हातपाय थंडगार. हीटर लावला की फ्यूज उडायचा. सुटीत गेले की मी माझे मोजे तिच्या पायांत चढवायची, वर माझा स्वेटर गुंडाळायची, तरी ती कुडकुडायची. बाबांना म्हटलं होतं, शेगडी आणा. ‘इथे विस्तव चालत नाही,’ एवढंच म्हणाले आणि वर निघून गेले. ती गेली त्या सकाळीही सातला जाऊन फिल्टर बदलून आले. हे मावशीनं सांगितलं मला, तेव्हा महिनाभर मी खाली गावात तिच्याकडेच होते. ते ऐकलं आणि मनातून उतरले ते उतरलेच.

पुढे मी त्याच वेधशाळेत लागले. लोक म्हणतात, रक्तातच आहे. रक्तात कसलं! जागा निघाली, अर्ज केला. म्हातारपणी त्यांना घरी आणलं तेही लोक काय म्हणतील म्हणून. औषध, चहा, वर्तमानपत्र. कामापुरतं बोलणं.

आणि शेगडी होती. पेटत होती!

२१ नोव्हेंबर

रजा टाकायला हवी होती. गेले, आणि नको ते बघितलं. माझ्या सुट्यांच्या तारखा आठवून तेवढीच पाकिटं काढली. दोन्ही वर्षांची.

पांढरी. वारा पडलेल्या सकाळचीही पांढरी. मी आले की शेगडी बंद. पोर आहे, वसतिगृहात बोलून जाईल, ही भीती. म्हणजे मी आईला भेटायला जायची, तेवढेच दिवस ती गारठायची. आणि तरी मी समोर बसले की हसून माझे केस विंचरायची.

आज जेवले नाही. बाबांनी विचारलं, बरं नाही का. हो म्हटलं.

२४ नोव्हेंबर

इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसले तर कुणाला कळणार नाही, केमिस्ट तर विसरलाही असेल. पण मग अहवालात आमच्या घरचा धूर जगाचा धूर म्हणून छापून येणार. सांगितलं, तर बाबांची एकोणतीस वर्षं डागाळणार. या माणसाकडे दुसरं आहे काय? ना मित्र, ना छंद. एक ती न तुटलेली माळ.

आजही विचारलं त्यांनी. काही निघालं का. मला इतके दिवस वाटत होतं, ही म्हाताऱ्याची ऐट आहे. आज चेहरा नीट पाहिला. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी पोरं विचारतात, तसं विचारत होते.

२७ नोव्हेंबर

बाईंना कळवलं. म्हणाल्या, पहिला पुरावाच गेला की! रागावल्या नाहीत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची नोंद रद्द करायची, तेवढं नेमकं पाठवा म्हणाल्या.

सुरुवातीची तारीख कागदांवरून सापडली. शेवटची सापडेना, त्या महिन्याचं खोकं छत गळून लगदा झालंय. मग आई गेली तीच तारीख घातली. त्यानंतर शेगडीला कारणच उरलं नव्हतं. कारणाच्या रकान्यात ‘स्थानिक धूर’ असं लिहिलं. आई, तुझ्या आजारपणाचं हे सरकारी नाव.

२८ नोव्हेंबर

चहा झाल्यावर बाबांना सांगितलं. उभ्यानंच. बसले असते तर बोलता आलं नसतं.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “मला वाटलं, मी गेल्यावर निघेल.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, सावकाश, दम खात. कोळसा उपकरणांच्या पेटीतून वर आणायचे, दिवेलागणीला. सकाळी तो कागद पंपावरून काढताना रोज दिसायचं, काय झालंय ते. मी विचारलं, मग शेरा का नाही लिहिला. शेरा लिहिला असता तर चौकशी झाली असती, क्वार्टर गेलं असतं, आणि तशा अवस्थेत आईला डोंगर उतरवणं डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. कागद फेकून द्यावा तर खाडा पडला असता. ते हातून झालं नाही. म्हणून काळा तर काळा, पाकिटात घालत गेले.

“आणि मला?” मी म्हटलं. “मला एवढी वर्षं का नाही सांगितलंत? मी तुमच्याबद्दल काय समजत होते, माहीत आहे?”

“माहीत आहे,” म्हणाले. “पण तुला सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की तू आलीस की मी ती विझवायचो.”

मला रडू फुटलं. त्यांचं धोतर-बितर सावरायचं निमित्त करून तिथेच खाली बसले, पायांपाशी. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवतील असं वाटलं होतं. उचलला होता थोडा.

३० नोव्हेंबर

बाबा खिडकीतून ढग बघतात. ढगांचं विचारत मात्र नाहीत.

२ डिसेंबर

सकाळी बाबांनी रद्द तारखांची यादी मागितली. भिंग लावून वाचली, पहिल्यापासून. शेवटच्या तारखेवर, आईच्या तारखेवर, बोट ठेवलं. “हे चुकलंय,” म्हणाले. “पुढचे सतरा दिवस पण खोड. मी शेगडी पेटवतच होतो.”