आपल्याकडची मुलगी

५ ऑगस्ट

पोचले एकदाची! गाडीतून उतरते न उतरते तोच हातातली बॅग गेली आणि फुलांचा गुच्छ आला. यजमान कुटुंब स्टेशनवर जातीनं हजर होतं: काका, काकू आणि त्यांची थोरली मुलगी. आमच्या विद्यार्थी अदलाबदल संस्थेच्या मॅडमना सगळं जग गोड दिसतं, आणि ही माणसंही फार गोड आहेत असं त्यांनी आधीच बजावलं होतं. अकरावीचं पहिलं सत्र यांच्या घरी राहायचं, इथल्या शाळेत जायचं, डिसेंबरात परत. निघताना आई रडली, मी नाही. मला कधी एकदा सुटते असं झालं होतं.

घर म्हणजे खाली लाँड्री आणि वर राहायच्या खोल्या. मला स्वतंत्र खोली आहे. टेबल आहे, खिडकी आहे, आणि पलंगावर इतक्या कडक इस्त्रीची चादर आहे की बसायला संकोच वाटतो. खिडकीखाली अंगणात पांढरे कपडे वाळत असतात. सगळीकडे साबणाचा आणि गरम कापडाचा वास. आज मला सगळंच आवडतंय. असंच लिहीत राहायचं ठरवलंय.

९ ऑगस्ट

माणसांचा अंदाज आला. बेताचीच आहेत.

काका प्रत्येक वाक्याला ‘हो ना’ म्हणतात. गरम होतंय? हो ना. तितकंसं होत नाही, नाही? हो ना. मी त्यांचं नाव होनाकाका ठेवलंय. दिवसभर वाफेच्या यंत्रापाशी उभं राहून चेहरा उकडून काढल्यासारखा झालाय. काकूंचा जीव डागांत अडकलेला. जेवताना कोणाच्या हातून काही सांडलं की आधी डागाकडे पाहतात, मग माणसाकडे. गंज असेल तर लिंबू, शाई असेल तर दूध, रक्त असेल तर थंड पाणी, गरम कधीच नाही, हे त्यांचं सगळं ज्ञान. परवा मला विचारलं की तुमच्या घरी रक्ताचा डाग कशानं काढतात. मी म्हटलं, आमच्याकडे एकमेकांचं रक्त आटवतात, सांडत नाहीत. कोणी हसलं नाही. विनोद कळण्याची सोयच नाही या घरात.

ताई, म्हणजे थोरली, पंचविशीची असेल. काउंटरवर कपडे घेते आणि कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईनं खूण घालते. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुठली खूण कोणाची हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, आणि याचा तिला अभिमान आहे. मला कीव आली. आईबाप दोघंही बुटके आणि गोलमटोल, ही मात्र उंच, काटकुळी, नाक लांब. कोणावर गेलीय देव जाणे.

१६ ऑगस्ट

काकूंना ‘आम्ही’ हा शब्दच माहीत नाही. आपण उद्या लवकर उठू. आपल्याकडे मीठ कमी खातात. आपल्या ताईला सर्दी झालीय. पहिल्या दिवशी ठीक होतं, पाहुणीला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. आता कान किटले. मी मुद्दाम ‘तुम्ही’ म्हणते. तुमच्याकडे मीठ कमी खातात, आमच्याकडे माणसांसारखं खातात. दर ‘तुमच्याकडे’ला काकूंचा चेहरा उतरतो आणि मला, खरं सांगायचं तर, मजा येते. त्यांना आई म्हणावं असंही सुचवून झालं. मी सांगितलं की आई आहे मला एक, ती पुरते. होनाकाका म्हणाले, हो ना.

आईला फोनवर सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. हसून हसून तिला बोलता येईना. मग म्हणाली की पुरे, ज्यांच्या घरी जेवतेस त्यांना इतकी नावं ठेवू नकोस. मॅडमनाही मी दर आठवड्याला तक्रारी पाठवते. त्या उत्तरादाखल हसरे चेहरे पाठवतात.

२७ ऑगस्ट

आज शोध लागला की या घरात कोणाच्याच अंगावर स्वतःचा कपडा नाही! दुकानात पाटी आहे, मुदतीत न नेलेल्या कपड्यांवर हक्क राहणार नाही. मुदत संपली की ताई जुन्या खुणेवर काट मारते आणि शेजारी घरची खूण घालते: एक आडवी रेघ, तिच्याखाली दोन टिंबं. झाला कपडा ‘आपला’. होनाकाकांचा कोट कुठल्यातरी धिप्पाड माणसाचा आहे, त्यात ते हरवतात. लोकांच्या विसराळूपणावर हे कुटुंब नटतं.

मी नाक मुरडलं तर काकू घडी घालता घालता म्हणाल्या की जो धुतो, वाळवतो, जपतो त्याचा कपडा. न्यायला येत नाहीत त्यांचा कसला? तोऱ्यात नाही हो, अगदी मायेनं म्हणाल्या. लाँड्रीत प्रवचन मिळेल असं संस्थेच्या पत्रकात लिहायला हवं होतं.

७ सप्टेंबर

शाळेतून आले तर काउंटरवर कोणी नाही. एक म्हातारा मखमलीचं जाकीट घेऊन ताटकळत उभा. हे धुवाच म्हणून हटून बसला. कपडा जाईल म्हटलं तरी ऐकेना. शेवटी वैतागून मी म्हटलं की आजोबा, आपल्याकडे मखमल घेत नाहीत.

मागे काकू होत्या. त्यांनी हातातली इस्त्री उभी ठेवली आणि डोळ्यांना पदर लावावा तसा हातातला कुणाचातरी शर्ट लावला. ‘आपल्याकडे’ म्हणाली, ‘आपल्याकडे’ म्हणाली, असं होनाकाकांना दोनदा सांगून आल्या. अहो, दुकानदारीचा शब्द तो! कुठल्याही दुकानात जा, आपल्याकडे नाही असंच म्हणतात. मी हे समजावून सांगितलं, पण ऐकतो कोण. ताई तेवढी माझ्याकडे बघत राहिली, खूप वेळ. संध्याकाळी जेवायला गोड होतं. मी दोनदा घेतलं. माणसं वेडी असली तरी आपण कशाला सोडायचं?

१० सप्टेंबर

माझ्या शाळेच्या शर्टाच्या कॉलरमध्ये एक रेघ, दोन टिंबं.

माझा शर्ट! आईनं निघायच्या आधी घेऊन दिलेला, अजून कोरा वास येणारा. बॅग उपसली. सगळ्या कपड्यांवर खूण आहे. पायमोज्यांवरसुद्धा. ताईला जाब विचारला तर म्हणाली की तूच बोललीस ना. मी काय बोलले? एक शब्द तोंडातून गेला, त्याची एवढी किंमत? दूध लावलं, लिंबू लावलं, बोटं सोलवटेपर्यंत घासलं. शाई हलत नाही.

काय कोडगी माणसं आहेत. मॅडमना कळवलंय.

१४ सप्टेंबर

ताई शर्ट मोजताना पुटपुटते हे मी आधीही ऐकलं होतं. आज जवळ उभी राहून ऐकलं. ते आकडे या भाषेतले नाहीत. कुठल्याच ओळखीच्या भाषेतले नाहीत. विचारलं की ही कुठली भाषा. ती गोंधळली. म्हणाली की माहीत नाही, मोजायला लागलं की तोंडात येतं.

मग वाफेनं घामाघूम होऊन तिनं केस वर बांधले. मानेवर, केसांच्या रेषेखाली, काहीतरी काट मारलेलं. त्याच्या शेजारी एक रेघ. दोन टिंबं.

१५ सप्टेंबर

काकूंनी लपवलंसुद्धा नाही. विचारलं तर सरळ सांगितलं की ती तुझ्यासारखीच आली होती, सत्रापुरती. परदेशातून. सुरुवातीला तिच्या घरून फोन यायचे. मग थांबले. न्यायला कोणी आलं नाही. म्हणून आपली झाली. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या.

मी आईला फोन लावला. रडत सगळं सांगितलं. ती हसायला लागली. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा सांगितलं. ती म्हणाली की या वेळची नक्कल फारच छान जमलीय, रडणं तर अगदी खरं वाटतं. आई, मी खरंच रडत होते गं.

मॅडमचं म्हणणं की तुला पहिल्या दिवसापासून काही पसंत नाही. मीठ नाही, माणसं नाहीत, आता शाईसुद्धा नाही. थोडं मन मोठं कर. खाली हसरा चेहरा.

१९ सप्टेंबर

शाळेला दांडी मारून बसस्टँडवर गेले. बॅग घेतली नाही, संशय नको म्हणून. खिडकीपाशी माझा नंबर आला. कुठलं तिकीट, असं त्या माणसानं विचारलं. मी पटकन पत्ता सांगितला. तो हसला. म्हणाला की लाँड्री इथून चालत पाच मिनिटांवर आहे, तिकीट कशाला?

मी लाँड्रीचा पत्ता सांगितला होता. पुन्हा नंबर लावला. तोंडात शब्द घोळवत उभी राहिले. पुन्हा तोच —

मागे वळले तर होनाकाका. हातात माझी छत्री. ऊन लागेल, म्हणाले. मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. भेकड, चोर, बायकोच्या ताटाखालचं मांजर. सगळ्याला हो ना, हो ना. आणि छत्री माझ्या डोक्यावर.

२४ सप्टेंबर

आमच्या घरी जिना डावीकडे वळतो की उजवीकडे?

सकाळपासून आठवतेय. जिना आहे हे नक्की. त्यावर मी पडले होते, हनुवटीला टाके पडले. आरशात टाक्यांची खूण दिसते. जिना दिसत नाही.

लिहून ठेवते. घरात आई, बाबा, मी. खिडकीत कुंडी. आई चालताना चप्पल ओढते, मी तिला चिडवते. बाबा पेपर मोठ्यानं वाचतात. हे पुसू देणार नाही. यांना काय वाटतं, मी म्हणजे कोणी विसरून टाकलेली चादर आहे?

२८ सप्टेंबर

मानेमागे फोन धरून फोटो काढला.

आहे. फिकट आहे अजून. काट नाही मारलेली. काट नाही — म्हणजे अजून —

लिंबू. काही होत नाही.

४ ऑक्टोबर

ताईला म्हटलं आपण दोघी पळून जाऊ. तिनं विचारलं कुठे. मला सांगता येईना. तिलाही. मग तिनं उरलेले शर्ट माझ्याकडे सरकवले आणि आपण दोघींनी घड्या घातल्या. तिच्यापेक्षा माझी घडी —

असं कसं लिहिलं मी. आपण.

११ ऑक्टोबर

आई चालताना काय ओढते? वर लिहिलंय, चप्पल. वाचते तेव्हा कळतं. पण आई तर अनवाणी चालते. दुकानात ओल असते म्हणून. नाही, ती काकू. काकू अनवाणी. आई चप्पल. काकू अनवाणी, आई —

१९ ऑक्टोबर

फोन बिघडलाय. वाजला, वर ‘आई’ असं आलं. आणि आई समोर उभी, दोन्ही हात इस्त्रीत. मग फोन कोण करणार? बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा ‘आई’. आई म्हणाली की कशाला घेतेस, कोणीतरी चुकीचा लावत असेल. बाबा म्हणाले, हो ना.

दिवसभर वाजत होता. भंगार वस्तू. शेवटी पावडरीच्या डब्यात खोल खुपसून ठेवला.

२६ ऑक्टोबर

मानेला खाज. ताईनं आज ताजी शाई लावली. गार लागली. एक फराटा, मग रेघ, मग टिंब, टिंब.

आता बरं वाटतंय.

२ नोव्हेंबर

दुपारी काउंटरवर एक बाई आली. लांबच्या प्रवासातून आलेली, कपडे चुरगळलेले, केसांचं टोपलं. हातात पावती नाही, खूण ठाऊक नाही, आणि म्हणे माझं आहे ते मला द्या. काय आहे ते विचारलं तर बोट माझ्याकडे! वर रडारड. माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला. अशी येतात एकेक. वेळेवर यायला नको, मुदत पाळायला नको, आणि मग चारचौघांत तमाशा. आपल्याकडे असलं चालत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. आईनं मागून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी वर आलेय, पण बाई गेलेली नाही. खाली पायरीवर बसून हाका मारतेय. भलतंच नाव. या घरात त्या नावाचं कोणी नाही. लाडानं अर्धं तोडलेलं, तान्ह्या पोराला हाक मारतात तसं. घसा बसलाय तरी थांबत नाही. काय चिवट —

खिडकी लावली. तरी येतंय ऐकू.

आत्ता पुन्हा हाक मारली, आणि माझ्या तोंडून ‘ओ’ निघून गेली. मोठ्यानं. कशी काय?

खाली वाफेचं यंत्र बंद झालं. सगळं शांत. फक्त ती हाक. आणि पायरीवरून कोणीतरी धडपडत उठल्याचा आवाज, आणि चप्पल ओढत — अगं, ही तर माझी —