तिसऱ्या मॅपरचं उत्तर

९ जून २०२५
निवड झाली! आई फोनवर मावशीला सांगतेय — "आमच्या ओवीला परदेशातलं काम मिळालं, घरी बसून." परदेशातलं नाही, नोकरीही नाही! ओपन सोर्स आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेला, फुकट वापरायचा प्रोग्रॅम; विद्यार्थ्यांसाठी, सुट्टीपुरतं. मार्गदर्शक मिहिरदादा, म्युनिकला असतो. काम असं — डेटाबेसमधली ओळ उचलून प्रोग्रॅमला वापरता येईल असा ऑब्जेक्ट बनवायचा, एवढ्यासाठी तिथे तीन जणांनी लिहिलेले तीन मॅपर आहेत. निम्मं काम तिघांचं तेच. मी तिन्हींचा एक करायचा.

१३ जून
पहिला बदल पाठवला. लगेच उत्तर — 'मोडलं.'
मराठीत! पाठवणारा धनेश. तिसरा मॅपर त्याचा.
मिहिरदादा हसला. "तो असाच. दोनच शब्द बोलतो. पाहिलं कुणीच नाही त्याला. भांडू नकोस, त्याचं बरोबर असतं."

१४ जून
दुरुस्त करून पाठवलं. 'चालतं.' का कोण जाणे, दिवसभर बरं वाटलं.

२६ जून
अडकले. डेटाबेसमधून ओळ पुसली, तर तिच्यावरून बनवलेल्या ऑब्जेक्टचं काय करायचं? दोन मॅपर तो टाकून देतात. धनेशचा ठेवतो. ओळ गेली तरी ऑब्जेक्ट तसाच, विचारलं की उत्तर देतो!
मिहिरदादा म्हणतो, "टाकून दे. नसलेल्या माणसाशी बोलण्यासारखं आहे ते."
धनेशला सरळ विचारलं, तुम्ही असं का केलंत? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. बदल पाठवला, तर क्षणात — 'मोडलं.'
माणूस असं वागतो?
त्याच्या नावाखाली गाव लिहिलंय. चऱ्होली. आमच्या रावेतपासून असं कितीसं लांब!

२९ जून
गेले. नव्या टॉवरच्या मागे जुन्या घरांची एक ओळ उरलीय, तिथे. दुकानदाराला पत्ता विचारला तर तो बघतच राहिला. मग नुसतं बोट केलं.
दार त्याच्या आईने उघडलं — मंजुळाबाई. म्हटलं, धनेशदादा आहेत का? आम्ही एकाच प्रोजेक्टवर आहोत.
"व्हय का! ये की बाई. आत काम करतोय त्यो."
आत रिकामी खुर्ची. कॉम्प्युटर चालू, पंख्याची घरघर. भिंतीवर फोटो. फोटोला हार.
दारातच थांबले.
चाकणच्या कारखान्यातून शिफ्ट करून येताना अपघातात गेला, त्या म्हणाल्या. दोन वर्षं झाली. कॉम्प्युटर कुणी बंदच केला नाही. कुणी बदल पाठवला की त्याने आपला मॅपर मोडतो का ते तपासून आपोआप उत्तर देईल, अशी स्क्रिप्ट, छोटासा प्रोग्रॅम, त्याने लिहून ठेवलीय. मी तिथेच उभ्याने वाचली. शब्द दोनच — चालतं, मोडलं. तिसरं काही तिला लिहिताच येत नाही. हायसं वाटलं. थोडंसं.
मंजुळाबाई मला कॉम्प्युटरच्या डब्यावरचा बारीक दिवा दाखवत होत्या. "ह्यो लुकलुकला की कळतं मला, काम चाललंय. मधी लई दिस गप व्हता. पन ह्या महिन्यात दम न्हाई बघ पोराला!"
ह्या महिन्यात. म्हणजे माझ्यामुळे.

३० जून
मिहिरदादाला सांगितलं.  तो म्हणाला, "मी त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्यात गं. दोन्ही वर्षं."

८ जुलै
काम बंद. पाठवायला मन होत नाही. पाठवलं तर तिकडे दिवा लागणार. नाही पाठवलं तर मंजुळाबाई त्या दिव्याकडे बघत बसणार!
बाबा म्हणाले, "त्या बाईंना कुणीतरी खरं सांगायला हवं."
म्हटलं, त्यांना माहीत आहे, बाबा.
"मग त्यांनाच विचार."

१० जुलै
पुन्हा चऱ्होली. सगळं सांगितलं — तिन्हींचा एक होणार, धनेशदादांचा वेगळा राहणार नाही. मग हा दिवाही लागणार नाही.
"त्यानं लिव्हल्यालं पुसनार व्हय?"
नाही म्हटलं. नव्यात घेतेय. पुसलेलं जपायची त्यांची रीतसुद्धा — ज्याला हवी असेल त्याच्यासाठी.
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. मग स्वतः वाकल्या, बटण बंद केलं, वायर काढून नीट गुंडाळली. पंखा थांबला. खोली एकदम परकी वाटायला लागली! बाहेर बांधकामावरची माणसं बोलत होती, ते शब्दन् शब्द ऐकू आले.
"दमला आसंल," म्हणाल्या. आणि चहा ठेवायला गेल्या.

११ जुलै
धनेशदादांचा जुना मॅपर काढला. एकत्र केलेला पाठवला. उत्तर येणारच नव्हतं.
आलं. धनेशच्याच नावाने. ना चालतं, ना मोडलं —
'चालेल.'