तिकीट हुकलेल्या बाईनं पुढं काय करावं

आई, मी निवडणुकीत पडले. सांगायला इतके दिवस लावले, कारण हे सांगायचं तर आधी तिकीट हुकलं ते सांगावं लागतं, मग बंडखोरी केली ते, आणि त्यानंतर हे. उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा मशीनखाली पडून आहे. एका बाजूला हात जोडलेली मी, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. तू माझं लग्न पाहिलं नाहीस, नवी पेठेमागच्या बोळातलं माझं फॉल-पिकोचं दुकान पाहिलं नाहीस. तिथं बायका साडी घेऊन यायच्या आणि साडीबरोबर रेशनकार्डाचं, गटारीचं, न आलेल्या पाण्याचं गाऱ्हाणं ठेवून जायच्या. मी ते पक्षाच्या ऑफिसात पोचवायचे. असं करता करता वर्षं गेली आणि सगळे म्हणायला लागले, या वेळी प्रभागातली बाईची जागा हिचीच. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मुलाखतीला मी तुझं हिरवं इरकल नेसून गेले होते.

तिकीट खालाच्या मुलीला मिळालं. खाला म्हणजे तुझी मैत्रीण, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तुझ्या शेजारच्या मशीनवर टॉवेलच्या कडा शिवणारी, डब्यातली शेंगाचटणी तुझ्याकडून हक्कानं ओढून घेणारी. तिची धाकटी. तू गेलीस तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. पुढं फॉल लावायला माझ्याच दुकानात शिकली. आता शिकलेली आहे, बोलायला धीट आहे, महापालिकेच्या साहेबासमोर खुर्ची ओढून बसते. तुला खरं सांगते, एखाद्या बंगलेवालीला तिकीट गेलं असतं तर मी दोन दिवस रडून गप्प बसले असते. मोठ्यांचं मोठ्यांना जातं, त्याची आपल्याला सवय आहे. आपल्याच गल्लीतलीला मिळालं, माझ्याकडून सुई धरायला शिकलेलीला मिळालं, ते मला सोसवेना.

तुझं तिकीट हुकलं ते दिवस मला तेव्हापासून रोज आठवत होते. मी बारावीला होते. वॉर्ड पहिल्यांदा बायकांसाठी राखीव झाला होता, आणि मोर्चाला पन्नास बाया गोळा करणारी तूच एक होतीस. तरी तिकीट गेलं एका पुढाऱ्याच्या भावजयीला. ती आपल्या वस्तीत राहतसुद्धा नव्हती. तू कामावरून येतेस, पदर खोचतेस, काटवटीत पीठ मळतेस आणि भाकरी अशी थापतेस की शेजारच्या भिंतीवरचा आरसा हलतो. कुणाशी बोलत नाहीस. पक्षाच्या ऑफिसात जात नाहीस. मी संतापून बाहेरचं दार लावायला गेले तेव्हा मात्र ओरडलीस, "उगडं ठेव ते. रुसावं मानसानं, पन दार लावून न्हाय. समजूत काढाय येनाऱ्यानं यावं कुटनं?"

आणि ते आले की. गाडी गल्लीत शिरत नव्हती, म्हणून पुढारी चिखलातून चालत आले, नारळ आणि शाल घेऊन. बाजेवर बसले. "वहिनी, पक्षानं ठरवलंय," म्हणाले. तू चुलीपासून उठलीसुद्धा नाहीस. "पक्षानं ठरवलं ते ठीक हाय. मला कुनी इचारलं का?" ते बराच वेळ बोलत राहिले आणि तू ऐकत राहिलीस. मग म्हणालीस, "बायांच्या संडासाला दारं न्हाईत. पोरी गोनपाट धरून बसत्यात. दारं बसली की मी पत्रक हातात धरते, त्याच्या आदी न्हाय." दुसऱ्या दिवशी सुतार आला. दारं बसली, कड्या बसल्या, आणि तू त्या भावजयीसाठी गल्लोगल्ली फिरलीस. ती निवडून आली. तुला मग कुणी तिकीट विचारलं नाही. मी तुला म्हटलं होतं, दोन दारांत गुंडाळलं तुला. तू भाकरी उलथत म्हणालीस, "गुंडाळलं तर गुंडाळलं. तू जातीस तवा कडी लावतीस न्हवं? आयतु बिडु." तुझं माहेरचं कानडी बाहेर पडलं की विषय संपला, एवढं मला कळायचं.

मी मात्र विषय संपू दिला नाही. अपक्ष म्हणून फॉर्म भरला. आता एक नवीनच रीत पडली आहे, ती तुला माहीत नसणार. फॉर्म मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत बंडखोर माणूस गायब होतो. फोन बंद, घराला कुलूप. पक्षाचे लोक शोधत फिरतात, आणि ते जितके जास्त फिरतील तितकी त्या माणसाची किंमत वाढते. माझ्या दुकानातल्या पोरींनी मला आदल्या संध्याकाळी दुधनीला नेलं, तुझ्या माहेरी, मामाच्या मुलाकडं. त्याची आता आडत आहे. मागच्या खोलीत तुरीच्या पोत्यांना टेकून मी बसले. वहिनी म्हणाली, "वन्सं, आस्सं लपून बसाय काय चोरी केली व्हय?" मी हसले. तीन वाजले, मी फोन चालू केला. ह्यांचा फोन होता, गॅसची टाकी आली म्हणून. पुढाऱ्यांचा एकही नव्हता. माझी समजूत काढायला कुणी आलं नाही, आणि त्या रागात मी पुढची सगळी निवडणूक लढवली. रागाला माझ्याकडं दुसरं नाव होतं, स्वाभिमान.

चिन्ह मी शिलाई मशीन मागून घेतलं. समाजमंदिरापुढच्या सभेत म्हणाले, माझ्या आईनं जन्मभर या पक्षाच्या सतरंज्या उचलल्या, ती उपेक्षेत मेली, तिची लेक सतरंजी उचलणार नाही. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. खाला समोरच्या ओट्यावर बसून ऐकत होती. आता तिला नीट दिसत नाही. ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. तेव्हा मला वाटलं, लेकीच्या विरोधात बोलले म्हणून उठली. आता वाटतं, तुझ्यासाठी उठली असेल. तू उपेक्षेत मेली नाहीस. तू न्यूमोनियानं मेलीस, आणि त्या दिवशी दोन्ही गल्ल्यांतल्या बायांनी कामाचा खाडा केला होता. मतांसाठी मी तुला बिचारी करून टाकलं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

निकाल लागला. खालाची मुलगी थोडक्यात पडली, आणि तिला जेवढी मतं कमी पडली त्याहून जास्त मी खाल्ली होती. जी निवडून आली तिला आपली गल्ली कुठं वळते तेसुद्धा ठाऊक नाही. तिच्या माणसांनी माझ्याकडं पेढे पाठवले. "ताई, तुमच्यामुळंच जमलं," असं तो माणूस माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोठ्यानं म्हणाला. मशीनवर बसलेल्या दोघी खाली मान घालून शिवत राहिल्या. पेढे मी गटारीत टाकले, पण ते वाक्य गल्लीत फिरायचं ते फिरलंच. पक्षानं मला काढून टाकलं. साड्या अजून येतात, गाऱ्हाणी येत नाहीत. बायका फॉल लावून घेतात, किती झाले विचारतात आणि जातात.

पुढं काय करायचं, हे सांगणारे मात्र पुष्कळ आहेत. दीर म्हणतो, पेढेवाल्यांच्या पक्षात जा, लोखंड तापलंय. पोरी म्हणतात, पाच वर्षं थांबा, सहानुभूती मिळेल. हे म्हणतात, दुकान बरं आणि आपण बरं. हे चांगलं माणूस आहे गं, पण राजकारण म्हणजे ह्यांना घरात शिरलेलं मांजर वाटतं, हाकललं की गेलं. तू काय म्हणाली असतीस ते मला विचारावंही लागत नाही. हरलेल्या माणसानं आधी हरलेल्याच्या घरी जावं, म्हणाली असतीस. खालाकडं जायला मी निघाले होते. कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत गेले, तिथं बायका दिसल्या, आणि दळण कधी मिळेल ते विचारायला आल्यासारखी परत फिरले. दळण टाकलेलंच नव्हतं. गिरणीवाला वेड्यासारखा बघत राहिला.

जाऊन बोलू तरी काय? सगळ्यांना वाटतं, मला लाज वाटते ती मतं खाल्ल्याची. तसं असतं तर मी केव्हाच गेले असते. मतांचं एक वेळ माफ होतं, निवडणुकीत काय, कुणीतरी कुणाचं खातंच. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही आणि तुला काही तो पोचायचा नाही, म्हणून सांगते. कुणी आलं नाही, हे मी सभेत सांगितलं, ह्यांना सांगितलं, आणि वर तुलाही लिहिलं. खालाची मुलगी आली होती. त्या दिवशी सकाळी, दुधनीपर्यंत एवढ्या लांब स्कूटीवर, एकटी. मी कुठं असेन हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, तुझं माहेर खालाला माहीतच होतं. मामेभाऊ आत येऊन म्हणाला, "सोलापूरची पोरगी आलीया. म्हनतीया, ताईंसंगं दोन शबुद बोलते आन् जाते. सोडू का आत?" दाराच्या फटीतून मला ती दिसत होती, ओढणीनं तोंडावरची धूळ पुसत होती. मी मानेनंच नको म्हटलं. ती ओट्यावर बसून पाणी प्यायली, थोडा वेळ बसून राहिली आणि गेली. मग मी तशीच पोत्यांना टेकून बसले, रस्त्याकडं कान लावून, एखाद्या मोठ्या गाडीचा आवाज येतो का ते ऐकत.